पहिल्या फेरीची दुरुस्ती

पारमिता कांबळेनं शर्यतीची मोटार जवळून कधीच पाहिली नव्हती. तरी निपाणीच्या घरी बसून तिनं एक सॉफ्टवेअर लिहिलं. कुणी कुणाला कुठल्या वळणावर मागं टाकलं, ते नुसत्या वेळेच्या आकड्यांवरून त्यात कळायचं.

सुरुवातीला मागं टाकल्याचे आकडे फुगले. पुढची गाडी चाकं बदलायला थांबली, तरी मागचीनं तिला मागं टाकल्याचं दिसे.

"मी बी लई जणांस्नी मागं टाकलंय," उसाचा ट्रॅक्टर चालवणारे तिचे वडील, आप्पा, म्हणाले. "कारखान्याच्या रांगेत पुढला चहाला उतरला, की मी म्होरं!"

"ते धरत न्हाईत, आप्पा."

"मग तुझ्या यंत्राला सांग की गं तसं!"

तिनं तसं केलं. कोइमतूरच्या एका संघानं सॉफ्टवेअर घेतलं. फक्त पहिली फेरी चुकायची, कारण सगळ्या गाड्या एकदम वळणात घुसत. "वळणावर उभं राहून बघायला तुम्हीच या," संघानं कळवलं. पारमितानं बॅग भरली.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी तिला चूक सापडली. दुरुस्तीला दहा मिनिटं पुरली. ती पाठवावी की नाही, यात दुपार गेली. शेवटी तिनं पाठवली.

"उत्तम! आता यायची गरज नाही," उत्तर आलं.

शर्यतीच्या दिवशी तिच्या पडद्यावर बारा ठिपके पहिल्या वळणात घुसले. एकही चूक झाली नाही.

आप्पांनी वाकून पाहिलं. "लई आवाज करत असतील न्हाय ह्या गाड्या?"

"ठाऊक न्हाय, आप्पा," ती म्हणाली.