तीन बोटांचा अजिनाथ

अजिनाथच्या डाव्या हाताला तीनच बोटं आहेत. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कोल्हापूरकडच्या एका उसाच्या फडात राहिलं. कोयता उसावर बसायचा तो हातावर बसला. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून जातात आणि दोघांचा हिशेब एकच कोयता म्हणून होतो. एका हाताचा गडी मुकादमाला नको होता. त्यानं अजिनाथला गावाकडं लावून दिलं. बायको मंगल पुढची दोन वर्षं भावाच्या टोळीत गेली आणि हा धारूरला बंकटशेठच्या गॅरेजात गाड्या पुसायला लागला.

मी राधाकिशनरावांचा ड्रायव्हर, शहादेव. राव आमच्या भागातले पुढारी. गाडी त्यांची, पण ऐट माझी. तिला टर्बो आहे. टर्बो चालतो तोवर गाडी धारूरचा घाट हसत चढते. पण त्याला काबूत ठेवायला व्हॅक्यूमच्या बारीक रबरी नळ्या असतात, पेन्सिलीएवढ्या. त्या नेमक्या इंजिनाच्या मागं, ड्रायव्हरच्या पुढच्या पत्र्याला चिकटून जातात. उष्णतेनं रबर कडक होतं, तडकतं, हवा खेचतं, आणि गाडीचा जीव जातो. मग घाटात मागून उसाचा ट्रॅक्टरसुद्धा हॉर्न वाजवतो.

नळी बदलायची तर अर्धं इंजिन खोला, त्यात दिवस घालवा, नाही तर त्या फटीत हात घाला. हात कुणाचाच जात नव्हता. बंकटशेठचा गेला तो मनगटाशी अडकला, आणि तेल ओतून, शिव्या घालून बाहेर काढावा लागला. तेव्हा काच पुसत असलेला अजिनाथ म्हणाला, मी बघू का? त्यानं तीन बोटं जुळवली आणि हात कोपरापर्यंत आत गेला. पाच मिनिटांत तडकलेली नळी त्यानं माझ्यापुढं धरली.

पुढं तर त्याची ख्याती केजपर्यंत गेली. थंड इंजिन तो दोन मिनिटं चालू करायला लावायचा, बोट ओलं करायचा आणि नळीवरून फिरवायचा. फट असली की तिथं बोट ओढल्यासारखं होतं म्हणायचा. डोळ्यांनी दिसत नाही ते त्याच्या बोटाला दिसायचं. बंकटशेठ त्याला मिस्त्री म्हणायला लागला. मंगलनं कोयता माळ्यावर टाकला आणि दोन शेळ्या घेतल्या. ती मला एकदा म्हणाली, "भाऊ, ह्यांचा हात हाय तवर मला फडात जायाचं न्हाई." हे तिनं हसत सांगितलं, पण मी ते विसरलो नाही.

अजिनाथची अट एकच होती. गाडी आली की दोन तास बोनेट उघडून ठेवायचं. टर्बो चुलीवरच्या तव्यासारखा तापलेला असतो, आणि हातमोजा घातला की हात फटीत जात नाही.

दोन तास थांबणार कोण? रावांना एका मुहूर्तावर तीन लग्नं असतात. अक्षता पडायच्या आत मांडवात जाऊन फेटा बांधून घेतला नाही, तर वधूपिता पुढच्या निवडणुकीत आठवण ठेवतो. मग मी अजिनाथला म्हणायचो, "राव गाडीत बसलेत. घाल हात." खोटं कशाला बोलू, असं म्हणताना मला बरं वाटायचं. दुसऱ्याच्या दमावर दम देण्यात मोठं सुख असतं. आणि मी एकटाच नव्हतो. ठेकेदारांचे ड्रायव्हर, सभापतींचे ड्रायव्हर, सगळे हेच म्हणायचे. अजिनाथ हात पाण्याच्या बादलीत बुडवायचा, दात आवळायचा आणि आत घालायचा. बाहेर काढून पुन्हा बादलीत. फोड यायचे, जायचे, त्यांच्यावर पुन्हा यायचे. सहा वर्षं हेच चाललं.

गेल्या वैशाखात गाडी पुन्हा मंदावली. अजिनाथनं हात फिरवून सगळ्या नळ्या शाबूत असल्याचं सांगितलं. त्याचा शब्द म्हणजे शब्द. आम्ही निघालो आणि घाटाच्या निम्म्यात गाडीनं मान टाकली. राव लग्नाला पोचले तेव्हा पंगती उठत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी गॅरेजात येऊन सगळ्यांदेखत अजिनाथची लाज काढली. बंकटशेठनं इर्षेनं इंजिन खोललं आणि नळी बाहेर काढली. नखाएवढी फट होती. मला चार पावलांवरून दिसली.

अजिनाथनं नळी हातात घेतली. त्या फटीवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग दुसरं बोट, मग अंगठा. फटीकडं बघत होता आणि बोट फिरवत होता. मग तो हळूच म्हणाला, "कळंना गेलंय."

डॉक्टरनं सांगितलं की भाजून भाजून बोटांची जाण गेली आहे, आणि ती परत यायची नाही. बंकटशेठनं फट शोधायचं धुराचं यंत्र आणलं. अजिनाथचं मिस्त्रीपण गेलं, मिस्त्रीचा पगारही गेला. तरी त्याला काढलं नाही, आणि का काढलं नाही ते मला दसऱ्यानंतर कळलं.

तेव्हा टोळ्या निघाल्या होत्या. रस्त्यानं ट्रॅक्टर चालले होते, वर भांडी, पोरं, शेरडं. आमची गाडी पुन्हा दम टाकत गॅरेजात आली. यंत्रानं नळी दाखवली, इंजिनामागचीच. बंकटशेठनं अजिनाथला हाक मारली. तो आला. मी मंगलचं विचारलं. आठ दिवसांपूर्वीच भावाच्या टोळीत गेल्याचं त्यानं सांगितलं. शेळ्या विकल्या.

राव मागं गाडीत फोनवर होते. मी म्हणालो, थांब, मी रावांना सांगतो, दोन तास थंड होऊ दे. हे सांगायची हिंमत मी सहा वर्षांत केली नव्हती.

अजिनाथनं मान हलवली. "नगा सांगू, भाऊ. थंड इंजिनात आता कुणाचाबी हात चालंल, शेठनं लांब चिमटा आणलाय. मला ठेवलंय ते गरम इंजिनासाठीच. मला भाजत न्हाई ना."

त्यानं बादलीकडं बघितलंसुद्धा नाही. बाही वर सारली, तीन बोटं जुळवली आणि हात आत घातला. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग थांबून माझ्याकडं वळला.

"एक काम करा. हितंच उभं ऱ्हावा. मला सर्दी झालीय. करपल्याचा वास आला की सांगा, मंजी हात काढतो."

मागून रावांनी विचारलं, किती वेळ. मी इंजिनावर वाकलो आणि वास घेत उभा राहिलो.