एकाच पेटीवर

कागदाच्या कारखान्यात त्याला सगळे डॉक्टर म्हणत. वाफेच्या झडपा सांभाळणाऱ्या कंट्रोलरची नाडी त्याच्याशिवाय कुणाला कळत नसे. कंट्रोलर म्हणजे एका कपाटात शेजारी शेजारी बसवलेल्या दोन सारख्या पेट्या. दोघींचं काम एकच. एक बंद पडली तर दुसरीने पापणी लवायच्या आत कारभार हाती घ्यायचा.

एके दिवशी साहेबांनी त्यातली एक नव्या विभागासाठी काढायला सांगितली.

"साहेब, मग हिला आधार कुणाचा?"

"एकीवर चालतंय ना? चालू दे. दुसरी मागवतो."

पेटी गेली आणि जोडी तुटल्याचा इशारा देणारा लाल दिवा कपाटावर लागला. कारखाना बघायला पाहुणे येणार होते, त्यामुळे तो साहेबांच्या डोळ्यांत खुपू लागला. "तेवढा घालव बाबा," ते म्हणाले. डॉक्टरने सेटिंग बदललं. पेटी मुळात एकच आहे, असं यंत्राला पटवलं. लेखी मागावं असं मनात आलं होतं, पण जीभ रेटली नाही.

दिवा विझला तशी दुसऱ्या पेटीची आठवणही विझली. डॉक्टरने दोनदा विचारलं, मग तोही गप्प बसला.

सात महिन्यांनी, भर दुपारी पेटी बंद पडली. झडप होती तशी उघडीच राहिली, दाब चढत गेला. ती हाताने बंद करायला धावला तो डॉक्टरचा मेहुणा, धाकट्या बहिणीचा नवरा. त्याला इथे चिकटवलं होतं डॉक्टरनेच. झडप बंद झाली, पण सांध्यातून सुटलेल्या वाफेने त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

चौकशीत साहेबांनी नोंदवही पुढे सरकवली. सेटिंग बदलल्याची नोंद, खाली डॉक्टरची सही.

"मी असं लेखी दिलं होतं?" साहेबांनी शांतपणे विचारलं.

इस्पितळात बहीण नवऱ्याला चमच्याने पाणी पाजत होती.

"दादा, ते तू बदललंस?"

"मला सांगितलं होतं गं, म्हणून..."

"बदललंस ना?"

"हो."

त्या दिवसापासून तिने दादाशी बोलणं टाकलं. त्याला आता दोन वर्षं झाली.

डॉक्टरची बढती गेली, नोकरी राहिली. ते कपाट दुसऱ्या कुणाला कळतच नव्हतं. बंद पडलेली पेटी दुरुस्त झाली, अपघातानंतर महिन्याभरात जोडीला नवीही आली. त्यानेच ती बसवली आणि पहिली मुद्दाम बंद करून पाहिली. दुसरीने बिनबोभाट काम उचललं.

"वा! आता कसं!" मागून साहेब म्हणाले.

डॉक्टरने मान वर केली नाही. घट्ट बसलेले स्क्रू तो पुन्हा एकेक करून आवळत राहिला.