भाकरी कुणाला वाढायची

माझे सासरे गुणाजी गिरणीतून रिटायर झाले आणि सगळ्यांवर संशय घ्यायला लागले. म्हातारपणी डोकं शाबूत राहावं म्हणून भोईवाड्यातल्या डॉक्टरांनी डालडा बंद करायला, नाचणीची भाकरी नि पालेभाजी खायला आणि रोज नायगावापर्यंत चालायला सांगितलं होतं. मी नाचणीची भाकरी वाढली की मामंजी आधी ती उलटून बघायचे. "ह्यात काय घातलंस गो?" फिरायला निघाले की दहा पावलांवर मागे वळायचे, मी खोलीला कुलूप तर लावत नाही ना!

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, आज वार कोणता?"

मामंजींनी आधी माझ्यावर डोळे वटारले. "माका खुळो ठरवतास? शुक्रवार."

"आपलं राज्य कोणतं?"

"महाराष्ट्र!"

सत्तावन्न साल होतं. राज्य होतं द्वैभाषिक मुंबई. महाराष्ट्र अजून फक्त मोर्च्यांत होता. डॉक्टरांचं पेन थांबलं. मी पुढे सरकले.

"मामंजी, नीट आठवून सांगा."

"नीट आठवूनच सांगतंय," ते कडाडले. "चूक माझी नाय, सरकारची. ती नाचणीची भाकरी तेंका वाढ!"