नॉर्फकच्या रानातला एक बीच वृक्ष

२००६ च्या फेब्रुवारीत सकाळच्या ट्रेनने केंब्रिज सोडलं. बाहेर सपाट, काळी, पाण्याने भिजलेली शेतं. नॉर्फकमधल्या एका लहान स्टेशनवर झाडं तोडणारा केन जुनी व्हॅन घेऊन उभा होता. वय साठीचं.

"स्टुडंट तूच ना? या बुटांनी रानात येणार?"

रानात थिनिंग (विरळणी) चालू होतं. दाटी कमी केली की उजेड जमिनीवर पोचतो, झुडपं वाढतात, पक्ष्यांना आसरा मिळतो. मात्र पोकळीची जुनी झाडं राखायची, कारण थंडीत त्यांत वटवाघळं झोपतात आणि त्यांना तिथे कायद्याचं संरक्षण आहे. अशी झाडं हेरून त्यांना पिवळी फीत बांधणं हे माझं काम. फीत दिसली की केन त्या झाडाला हात लावणार नव्हता.

दुपारी ओंडक्यावर बसून त्याने मला चीज-पिकलचं (आंबटगोड लोणच्याचं) सँडविच दिलं. मी त्याला तिखट भाजीपोळीची गुंडाळी दिली. घाम पुसत त्याने ती संपवली.

पुढे एका जाड बीच वृक्षापाशी मी थांबलो. उंचावर चीर होती, तिच्याखाली काळपट ओघळ, वटवाघळांच्या विष्ठेचा असतो तसा.

"केन, कदाचित यात..."

"कदाचित? असल्या चिरा सगळीकडे असतात. अख्ख्या रानालाच फीत गुंडाळतोस का?"

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील आलापल्लीच्या डेपोत ओंडके चढवतात. केनसारख्या जन्म लाकडात घालवलेल्या माणसाला मी काय सांगणार, असं वाटलं.

"बरोबर आहे तुमचं," म्हणालो.

बीच पडला आणि चिरेपाशी फुटला. आत तपकिरी वटवाघळं एकमेकांना बिलगून होती. निम्मी चेंगरलेली. उरलेली इतकी गारठलेली, की त्यांना पंख उघडता येईनात. केनने करवत बंद केली. जिवंत होती ती स्वेटरमध्ये गुंडाळली आणि वटवाघळं सांभाळणाऱ्या एका बाईंना फोन केला.

"मला विचारलंसच कशाला?" तो नंतर म्हणाला. "फीत बांधली असतीस, तर मी चार शिव्या देऊन पुढे गेलो असतो."

स्टेशनवर सोडताना मात्र हळूच म्हणाला, "रिपोर्टमध्ये लिही, चीर खालून दिसत नव्हती. नाहीतर तुझं शिक्षण जाईल आणि माझं काम."

परतीच्या ट्रेनमध्ये वही उघडली. झाड आडवं झालं होतं. खोटं कुणाला कळलं नसतं. रान राखायला शिकण्यासाठी मी इतक्या लांब आलो होतो आणि ओळखता आलेली गोष्टही मला ठामपणे सांगता आली नव्हती.

लिहिलं, "चीर दिसली होती. ओघळही दिसला होता. झाड मी राखलं नाही."

केन झाडापाशी आणि स्टेशनवर काय म्हणाला, ते लिहिलं नाही.