त्यानं तिला सांगायला पाहिजे होतं

मैत्रिणींनो, आपण सगळ्या पाहतोय त्या कोरियन मालिकेतला यक्षच खरा हिरो, असं काल मी इथं ग्रुपवर भांडून सांगितलं होतं. आपण मरणार, हे तो नायिकेपासून लपवतो, तिनं रडू नये म्हणून.

आज दुपारी गंगाखेडला आईसोबत शेवटचा भाग पाहिला. मी डोळे पुसत म्हणाले, "किती जीव होता गं त्याचा तिच्यावर!"

आई म्हणाली, "मग सांगायचं न्हाई का तिला? तुझ्या बाबानं बी आजार लपवला. गेले त्या दिवशी सकाळी मी त्यांच्याशी भाजीतल्या मिठावरून भांडले."

बाबांना जाऊन बारा वर्षं झाली. ती हे आज पहिल्यांदा बोलली. मी नुसता तिचा हात धरून बसले.

इतक्या चांगल्या माणसावर, माझ्या बाबांवर, रागवावं का, सांगा ना.