व्याह्यांना पिक्चर कसा वाटला

सिनेमातलं माझ्या व्याह्यांइतकं कमी कळणारा माणूस अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि सिनेमाबद्दल ज्याचं मत लोक कान टवकारून ऐकतात असाही दुसरा नसेल. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात याव्यात आणि तो माणूस नेमका माझा व्याही निघावा, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मी नंदुरबारच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलं. सिनेमा मी समजून पाहतो. पटकथा कुठे ढिली पडली, संवाद कुठे जड झाले, पार्श्वसंगीताने कुठे उगाच गळा काढला, हे मला खुर्चीत बसल्या बसल्या कळतं. माझे व्याही कोरीटचे शेतकरी. पपई आणि मिरची, विहिरीला पाणी, दारात ट्रॅक्टर, डोक्यावर टोपी आणि तोंडात सदान्कदा कुठल्या तरी पिक्चरचं मत. नवा पिक्चर लागला की कोरीटच्या पारापासून नंदुरबारच्या मिरची मार्केटपर्यंत मला कुणी विचारत नाही, "सर, कसा आहे?" सगळे विचारतात, "आबासले कसा वाटना?" आबा म्हणजे हेच, माझे व्याही.

तुम्ही म्हणाल, विचारू देत की लोकांना, तुमच्या पोटात का दुखतं? लोकांचं मला काही नाही हो. दुखणं वेगळंच आहे. माझी एकुलती एक मुलगी योगिता तीन वर्षांपूर्वी त्यांच्या घरात सून म्हणून गेली. त्याआधीची वीस वर्षं ती माझ्याबरोबर सिनेमाला यायची. चार वर्षांची होती तेव्हापासून. शो सुटला की रिक्षात बसल्यापासून आमचं सुरू व्हायचं. कथेला दहापैकी किती, अभिनयाला किती, गाण्यांना किती. ती अर्ध्या मार्कासाठी हुज्जत घालायची आणि घरी पोचल्यावर मी सगळे मार्क वहीत लिहायचो. अशा चार वह्या भरल्यात. तिला चांगलं बोलता यावं म्हणून मी घरात 'शे' आणि 'व्हता'ला बंदीच घातली होती. अहिराणी बोलायची तर बाहेर, उंबऱ्याच्या आत शुद्ध मराठी. एवढं करून जी मुलगी तयार केली, ती लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात मला फोनवर म्हणाली, "पप्पा, पिक्चर ठीकच होता. आबा म्हणतात, त्यात कुणी जेवलंच नाही."

ही आबांची पहिली कसोटी. पिक्चर पाहून आलेल्या माणसाला ते गोष्ट विचारत नाहीत, हिरो विचारत नाहीत. "पिक्चरमा कोनी जेवनं का?" एवढंच विचारतात. त्यांचं म्हणणं असं की आई प्रेमाने वाढते, हिरो एक घास घेतो, तेवढ्यात बापाचं त्याचं वाजतं आणि हा ताटावरून उठतो. मग त्या भाकरीचं काय झालं ते कुणी दाखवत नाही. लग्नानंतर त्यांनी आम्हा सगळ्यांना हौसेने पिक्चरला नेलं तेव्हा बाहेर येऊन मला म्हणाले, "तीन तास झायात गुरजी, एक मानूस पोटभर जेवना नही. माय बिचारी वाढस आनि हाऊ उठी जास. असा पोऱ्याना काय पिक्चर देखाना?" आता मी काय बोलणार? मी मुलीचा बाप. आमच्याकडे मुलीच्या बापाने व्याह्यासमोर मान हलवायची असते, आणि तीसुद्धा वरून खाली. मी म्हणालो, "अगदी खरं." योगिताने चमकून माझ्याकडे पाहिलं, कारण त्याच पिक्चरच्या पटकथेवर मी रिक्षात वीस मिनिटं बोलायची तयारी करून आलो होतो. पुढे एका अत्यंत टुकार पिक्चरमध्ये गाणंभर गावजेवणाची पंगत होती आणि सगळे शेवटपर्यंत बसून जेवले. आबांनी तो पिक्चर चारदा पाहिला. आणि माझी दशा अशी की आता मीसुद्धा अंधारात बसून कोण किती घास खातं ते मोजत असतो. संगतीचा दोष, दुसरं काय!

नटांची नावं त्यांना येत नाहीत. येत नाहीत म्हणजे त्यांना ती लागतच नाहीत. जो ज्याच्यासारखा दिसतो तो तोच. "तलाठीनी काम चांगलं करं, पन पोलीस पाटील भलताच रडना." बाहेरच्या माणसाला वाटावं कोरीटमध्ये काहीतरी भानगड झाली. योगिताला मात्र क्षणात कळतं की तलाठी म्हणजे हिरो आणि पोलीस पाटील म्हणजे हिरोइनीचा बाप. वर ती म्हणते, "आणि आबा, ती अंगणवाडीवाली?" झालं, दोघांचं गाडं सुरू. मी शेजारी बसून वरण ओरपतो.

घोड्यांच्या बाबतीत मात्र मला कबूल करावं लागेल, गळ्याशी आलंय म्हणून करतो. आबा दरवर्षी सारंगखेड्याच्या यात्रेला जातात, बाजारातल्या झाडून सगळ्या घोड्यांचे दात बघतात, मालकांशी तासतास बोलतात आणि एकही घोडा न घेता घरी येतात. एकदा आम्ही राजेरजवाड्यांचा एक पिक्चर पाहिला. डोळ्यांचं पारणं फिटावं असं छायाचित्रण. मी मनातल्या मनात दहापैकी नऊ दिले. बाहेर आल्यावर आबा म्हणाले, "राजा घरथून निंघना तवय घोडाना पुढला पाय धवळा व्हता. गड चढना तवय बठ्ठा काया. घोडा बदली टाका त्यासनी आनि राजाले मालूमच नही!" योगिता रस्त्यात उभी राहून हसली, पोट धरून. मी मात्र ताबडतोब म्हणालो, मुलीचा बाप असूनही म्हणालो, "असं होणार नाही, आबा. तो उजेडाचा परिणाम असतो." घरी येऊन फोनवर त्या पिक्चरची जाहिरात लावली आणि थांबवून थांबवून पाहिली. पाय आधी पांढरा होता आणि नंतर काळा. मी गुपचूप वही काढली आणि नवाचे सात केले.

बरं, हा माणूस अर्धा पिक्चर झोपतो. मध्यंतरानंतर दहा मिनिटांत टोपी डोळ्यांवर येते, आणि त्या झोपेवरूनही त्यांचं मत बनतं. झोप मोडली तर पिक्चर वाईट, लागली तर चांगला. "निवांत झोपनू गुरजी. आवाज कमी, मारामारी नही. घरना मानसेसले दाखाडा." आम्ही डोळ्यांत तेल घालून पाहायचं, नोंदी करायच्या, आणि शिफारस चालायची झोपलेल्या माणसाची! आमच्या दोन्ही घरांचा मिळून व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप आहे. गेल्या वर्षी बाप आणि मुलीवरचा एक पिक्चर आला. तो पाहून मी खरोखर हललो होतो. रात्री जेवण झाल्यावर दीड तास बसून त्यावर लिहिलं, ऱ्हस्व-दीर्घ तपासून ग्रुपवर टाकलं. योगिताने उत्तरादाखल अंगठा पाठवला. अंगठा! एकतीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला त्याच्या स्वतःच्या मुलीने अंगठा दाखवावा? पाठोपाठ आबांचा आवाज आला. त्यांना टाइप करता येत नाही, ते फोन बिस्किटासारखा तोंडासमोर धरून बोलतात. मागे कोंबड्या, मोटारीची घरघर, आणि आबा: "आंडेरनं लगन व्हयनं, बठ्ठा पाव्हना जेवनात. बाप जेवना का नही, ते दाखाडंच नही." आंडेर म्हणजे मुलगी. संपलं. त्यावर योगिताने एका ओळीत मावणार नाहीत इतके लाल बदाम पाठवले. माझ्या बायकोनेही पाठवले. मी रागाने फोन उशीखाली सरकवला, आणि मग आठवलं की योगिताच्या लग्नात मी खरंच जेवलो नव्हतो. हे त्यांना कसं कळलं, की उगाच बोलून गेले, देव जाणे.

सुरतेचं प्रकरण सांगायचं नव्हतं, पण आता निघालंच आहे तर सांगतो. एका रविवारी सकाळी ग्रुपवर फोटो आला. सुरतेच्या कुठल्याशा चकचकीत मॉलमध्ये आबा आणि योगिता. आबांच्या हातात मक्याच्या लाह्यांचा बादलीएवढा डबा आणि दोघांच्या डोळ्यांवर ते थ्रीडीचे काळे चष्मे. सकाळच्या गाडीने गेले आणि संध्याकाळच्या गाडीने परत. गाडी कुठून जाते? नंदुरबारवरून! माझ्या घरापासून स्टेशन चालत दहा मिनिटं. मी बायकोला म्हणालो, "मला बोलवायला काय झालं होतं?" ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही गाडीत वही काढली असती."

पण खरं लागलं ते त्यानंतर. बायकोने शेवया केल्या होत्या, त्या द्यायला मी दुपारी कोरीटला गेलो. अंगणात चपला काढतानाच आतून योगिताचा आवाज आला. ती विहीणबाईंना कालचा पिक्चर सांगत होती, अस्सल अहिराणीत. "तो धावत धावत उना, पाय घसरना आनि डायरेक्ट हौदमा!" मी दारातून पाहिलं. ओढणी कमरेला खोचलेली, ती स्वतःच पाय घसरून दाखवत होती आणि आबा बाजेवर बसून डोळे पुसत हसत होते. माझ्या घरात ती एवढी कधी हसली होती? मी आठवायला लागलो. तेवढ्यात तिने मला पाहिलं, ओढणी सोडून नीट केली आणि म्हणाली, "या ना पप्पा. आम्ही कालच्या चित्रपटाविषयी बोलत होतो."

चित्रपट म्हणाली ती. मला पाहून पिक्चरचा चित्रपट झाला, समोर परीक्षक आल्यासारखा. मी शेवया दिल्या, पाणी प्यायलो आणि उन्हाचं कारण सांगून लगेच निघालो. ती भाषा तिला मीच शिकवली होती, दोष कुणाला देणार? त्या माणसाचा मात्र मला इतका राग आला की परतीच्या रिक्षात मी पार दात-ओठ खात होतो.

म्हणून यंदा जावयाची नाशिकला बदली झाली तेव्हा मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? मुलगी आणखी लांब चालली होती, बायको डोळ्याला पदर लावत होती, आणि माझ्या मनात एकच विचार: आता जा म्हणावं सुरतेला, बघू कोणाबरोबर जाताय! सामानाचा टेम्पो गेला त्या दिवशी मी आबांकडे मुद्दाम पाहिलं. ते टेम्पोची दोरी पुन्हा पुन्हा आवळत होते. दोरी चांगली घट्ट होती.

पंधरा दिवसांनी एका दुपारी ते माझ्या दारात उभे. "चाला गुरजी, नवा पिक्चर लागेल शे." नाही म्हणायची सोय नाही. आम्ही दोघंच गेलो. पिक्चर विनोदी होता आणि लोक हसत होते. आबा हसले नाहीत आणि झोपलेही नाहीत. मध्यंतरात बाहेरच्या बाकावर वडापाव खाताना त्यांनी एकदम विचारलं, "गुरजी, ती धाकली व्हती तवय कसा पिक्चर देखे?"

मी म्हणालो, "नीट बसून पाहायची." मग राहवलं नाही. सांगितलं, की व्हिलन आला की ती माझ्या शर्टात डोकं घालायची आणि आतून विचारायची, "गेला का?" आणि मी, लबाड, तो समोर उभा असताना म्हणायचो, गेला. ती डोकं बाहेर काढायची आणि सगळं थेटर दणाणून सोडायची. आबा खदाखदा हसले. घंटा झाली, लोक आत गेले, हे जागचे हलेनात. "आजून सांगा." मी आणखी सांगितलं. पुढच्या खुर्चीवरच्या बाईच्या गजऱ्यातली फुलं तिने एकेक करून कशी खाल्ली होती. रिक्षात मार्कांवरून रुसून रिक्षावाल्याच्या शेजारी कशी जाऊन बसायची. भिंतीपलीकडे पिक्चर चालू होता आणि आत लोक हसत होते. आम्ही उत्तरार्ध पाहिलाच नाही. पैसे वाया गेले म्हणा किंवा काहीही म्हणा.

बऱ्याच वेळाने आबा टोपी काढून मांडीवर ठेवत म्हणाले, "तुमले वीस वरीस भेटनात गुरजी. माले तीनच."

तीन वर्षं मी या माणसावर जळत होतो आणि हा सगळा वेळ माझी वीस वर्षं मोजत बसला होता. हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

तेवढ्यात योगिताचा फोन आला. माझ्या फोनवर. आईने सांगितलं असणार. "पप्पा, आबांना घेऊन गेलात? पिक्चर कसा आहे?" आबा दुसरीकडे बघत टोपी झटकत होते, पण कान इकडेच होते. मी म्हणालो, "थांब, आबांना देतो." त्यांनी फोन बिस्किटासारखा तोंडासमोर धरला आणि ओरडले, "पोर, भलता भारी पिक्चर व्हता!"

"कोनावर व्हता आबा?" तिचा आवाज बाहेरपर्यंत आला.

"तुन्हावर."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि आबांनी घाबरून फोन माझ्या हातात कोंबला. मी कानाला लावला.

"पप्पा," ती म्हणाली, "तुम्हाला कसा वाटला?"

तीन वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहत होतो. कथा, अभिनय, संवाद, सगळं जिभेवर तयार ठेवून बसलो होतो.

"आबा सांगतस तेच खरं शे," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार? चांगलं वाक्य त्या माणसाने आधीच वापरून टाकलं होतं.