आमच्या सिस्टरचा उजवा हात

"ये सीट खाली है क्या?"

"नहीं. आदमी बैठा है."

"कहाँ बैठा है?"

"दिखता नहीं क्या? चश्मा लगाव!"

गोंदिया स्टेशनावर आमच्या सिस्टरचं आणि कुणातरी नव्या प्रवाशाचं हे भांडण रोज सकाळी व्हायचं. सीटवर माणूस नसायचाच. ओढणी असायची, छत्री असायची, नाहीतर आमच्यातल्या पोस्टमास्तरांचा हिरवा दुपट्टा.

तुम्ही कधी अपडाऊन केलं असेल तर ही रीत तुम्हाला सांगायला नको. मी शहराबाहेर फुलचूरला राहायचे. घरचं आवरून स्टेशन गाठेपर्यंत गाडी हललेली असायची. सिस्टरचं घर स्टेशनाला लागूनच. म्हणून आम्ही सहा जण संध्याकाळी उतरताना आपापली एकेक वस्तू त्यांच्या थैलीत टाकून घरी जायचो. सकाळी त्या सगळ्यांच्या आधी गाडीत चढायच्या आणि खिडक्या पाहून वस्तू मांडायच्या. माझी होती एक निळी ओढणी. ती मी धुवायलासुद्धा घरी नेत नसे. सिस्टरच कधीतरी धुऊन, घडी घालून आणायच्या, वर दोन शिव्या द्यायच्या.

"वस्तू ठेवली का माणूस बसलाच," हा त्यांचा कायदा. एकदा एका फौजदारानं माझी ओढणी उचलून बाजूला ठेवली. सिस्टर म्हणाल्या, "साहेब, बाईमाणसाले हात कायले लावून राहिले तुम्ही?" सारा डबा हसला आणि तो बिचारा आपलं स्टेशन येईपर्यंत दारात उभा राहिला.

अर्जुनी स्टेशनाच्या अलीकडच्या एका गावात त्या उपकेंद्रावर नर्स होत्या, आणि मी त्याच गावच्या शाळेत. ठेंगण्या, सावळ्या, पदर कमरेला खोचलेला, आवाज असा की शेजारच्या डब्यातलं मूल दचकावं. आसपासच्या चार गावांतली निम्मी पोरं त्यांच्याच हातावर जन्मलेली. माझ्या वर्गात कुणी फार मस्ती केली की त्या खिडकीत येऊन दरडावायच्या, "काऊन रे, तुले बाहेर मी आणलं ना? चूप बस!"

उजव्या हाताचा त्यांना भारी गर्व होता, डोळ्यांपेक्षाही त्याच्यावर भरवसा. "डोये माये गेले तरी चालते, या हातालेच डोये आहेत," असं म्हणायच्या. पोटावर हात ठेवून मूल आडवं की उभं ते सांगायच्या, आणि तालुक्याचे डॉक्टर मागाहून तेच सांगायचे.

माझी एक खोड त्यांना अजिबात खपायची नाही. उशीर झाला की मी धावत येऊन शेवटच्या डब्यात उडी मारायचे, आणि पुढच्या स्टेशनावर उतरून आपल्या डब्यात यायचे. "एखाद्या दिवशी चाकाखाली जाशीन, मास्तरीण," त्या म्हणायच्या. मी हसण्यावारी न्यायचे.

मोबाईल तेव्हा नुकते आले होते, आमच्यात कुणाकडेच नव्हता. त्या दिवशी, खरं सांगते, मी झोपून राहिले. गजर माझ्याच हातानं बंद केला आणि उठले तेव्हा गाडी गेलेली. म्हटलं, हरकत नाही, एसटी आहे. सडक अर्जुनीच्या लांबच्या रस्त्यानं हेलकावे खात अकराच्या सुमाराला शाळेत पोचले, तर मला पाहून हेडमास्तर खुर्चीतून उठूनच उभे राहिले.

"मॅडम, तुम्ही गाडीत नव्हत्या?"

आमची पॅसेंजर जंगलात सिग्नलशी थांबली होती. मागून मालगाडीचं इंजिन येऊन तिच्यावर आदळलं होतं. कशामुळे, ते चौकशीवाले जाणोत. शेवटचा डबा चेपला होता, दोन माणसं गेली होती. मी उडी मारायचे तोच डबा.

हेडमास्तरांच्या मोटारसायकलवर बसून धानाच्या बांध्यांमधून आम्ही तिथे गेलो. जे पाहिलं ते आज उगाळत बसत नाही. एवढंच सांगते, की जवळच्या गावची माणसं घरच्या बाजा घेऊन धावली होती आणि जखमींना बाजेवर उचलून ट्रॅक्टरपर्यंत नेत होती. पोस्टमास्तर कपाळाला पट्टी बांधून बसले होते. मला पाहून त्यांनी दोन्ही हात जोडले. "बाई, आधी सिस्टरकडे जा हो. कुणाचंच ऐकत नाहीत त्या."

सिस्टर शेवटच्या डब्यापाशी होत्या. आमच्या डब्यात त्या पडल्या तेव्हाच त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं. जखमींना घेऊन तीन गाड्या गेल्या, पण एकीतही त्या बसल्या नाहीत. खांद्यावर माझी निळी ओढणी टाकून येईल त्या शिपायाला सांगत होत्या, "आमची मास्तरीण आत आहे. ती नेहमी याच डब्यात चढते. गर्दीत मधी उतरता आलं नसन तिले." लोक सांगून थकले, की आत आता कुणी उरलं नाही. त्यांचं एकच, "माझ्यापाशी वस्तू आहे ना तिची? म्हणजे माणूस आलेलं आहे!" आणि त्या मोडक्या हातानंच त्या बाई पत्रा ओढत होत्या.

मी मागून हाक मारली. सिस्टर वळल्या आणि डाव्या हातानं माझ्या थोबाडीत दिली.

"कुठी मेली होतीस व तू?"

"सिस्टर... झोपून राहिले होते."

"झोपून? अगे माझे माय! मी इथं तुले पत्र्याखाली शोधून राहिली, अन् तू गादीवर?" असं म्हणून त्यांनी मला एका हातानं घट्ट धरलं. हसत होत्या की रडत होत्या ते त्यांनाच ठाऊक. मी मात्र रडतच होते.

हात फार सुजला होता, हाड नीट बसलं नाही. प्लास्टर निघालं तेव्हा मनगट वाकडं आणि बोटं ताठ. मुठीत पेन राहीना. डॉक्टर म्हणाले, बाळंतपणं आता विसरा, बसून करायचं काम मागून घ्या. सिस्टर मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मला घास गोड लागेना. वाटायचं, माझ्या एका झोपेपायी एवढ्या गावांचा हात गेला.

शेवटी पोस्टमास्तरांनी तोड काढली. शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, तुरीच्या ओल्या शेंगा पिशवी भरून आणल्या आणि गाडीत सिस्टरच्या मांडीवर ठेवल्या. "सोला. उजव्या हातानं. माझी बायको वाट पाहून राहिली." दुसऱ्या दिवशी मी वाटाणे आणले. मग काय, डब्यातला जो तो आपली भाजी सिस्टरकडे सोलायला देऊ लागला. पहिल्या आठवड्यात आमचं स्टेशन येईपर्यंत वीस शेंगासुद्धा होत नसत. सिस्टर घामाघूम व्हायच्या, शेंगेला शिव्या द्यायच्या. संक्रांत झाली तोवर पिशवी रिकामी होऊ लागली. टरफलं पाहून सफाईवाला कावायचा, त्यालाही आम्ही एक पिशवी सोलून दिली.

सिस्टर पुढे निवृत्त झाल्या, मुलाकडे दुर्गला गेल्या आणि तिकडेच वारल्या. मला कळलं ते महिन्यानं. गाडी अजून आहे, गर्दीही आहे, आमचा सहा जणांचा कळप मात्र पांगला. सिस्टरची आठवण निघाली की माझ्या डोळ्यांपुढे तो एक दिवस येतो, त्या शेंगांनंतरच्या उन्हाळ्यातला.

शाळेला सुट्ट्या लागायच्या होत्या. उपकेंद्रातून निरोप आला, मास्तरणीला धाडा. गेले तर आत एक बाई कळा देत होती, तिची सासू दाराशी. तालुक्याच्या दवाखान्याची गाडी निघाली होती, पण पोचायला अवकाश होता.

"मला कशाला बोलावलं, सिस्टर? मला यातलं काय कळतं?"

"माया हात फसला तर तुये दोन आहेत. उभी राय."

मी उभी राहिले. सिस्टर त्या बाईशी बोलत होत्या, रागावत होत्या, मधेच लाडानं "हाव बाई, हाव" म्हणत होत्या. मग मी पाहिलं. बाळाचं डोकं आलं आणि ते वाकडं मनगट त्याच्याखाली गेलं. बोटं मिटली. सुटली नाहीत. पोरगी रडली तेव्हा कुठे मी श्वास घेतला.

सासू सिस्टरच्या हाताकडे पाहत होती. म्हणाली, "हात वाकडा, पण पोरीले बराबर झेललं जी."

"वाकडा आहे म्हणूनच तर," सिस्टर म्हणाल्या. "डोक्याखाली कसा बराबर बसते, पाहा." आणि मग माझ्याकडे न बघता, पोरीला पुसता पुसता, "ऐकलं का व मास्तरीण? आता तरी पोटभर जेवत जाय."

मी बाहेर हातपंपावर गेले आणि पाणी न हापसता तशीच उभी राहून खूप रडले.